वाचून राह्यले

मंदाताई तायडे यांनी उभी हयात पुस्तकांत काढली आणि एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नाही. ही गोष्ट त्या लपवत नसत. तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी एकदा तोंडावर सांगितलं होतं, "मले कुठी टाइम हाय वाचाले? वाचनारे वाचतेत अन् मले येऊन सांगतेत. भागते माहं तेवढ्यात." साहेबांना शेरा काय लिहावा ते सुचलं नाही म्हणतात.

त्या बडनेऱ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होत्या आणि मी पातूरला त्याच कामावर. त्यांचा जिल्हा अमरावती, माझा अकोला. एरवी आमची ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. ती झाली ग्रुपमुळे. दोन्ही जिल्ह्यांतल्या वाचनालयांनी मिळून एकच संगणक-प्रणाली घ्यायची, सगळ्यांची पुस्तकं एकाच यादीत दिसायची, वाचकाचं एकच कार्ड सगळीकडे चालायचं, आणि पातूरच्या माणसाला मोर्शीचं पुस्तक हवं असेल तर ते पातूरला यायचं, अशी ती योजना. कागदावर तिचं नाव लांबलचक आहे. बोलताना आम्ही ग्रुप म्हणतो.

ग्रुपमध्ये आल्या आल्या मंदाताईंनी आम्हा सगळ्यांची नावं रद्द केली आणि गावं तेवढी ठेवली. मी पातूर झालो. मोर्शीच्या बाई नुसत्या मोर्शी. फोन उचलला की "हॅलो, पातूर काय?" आणि मग सगळ्यांची चौकशी. "मोर्शीचं डोकं दुखून राह्यलं होतं, आता बरं हाय. मूर्तिजापूर फोन उचलत नायी, काऊन उचलत नायी?" माझ्या बायकोला सुरुवातीला वाटलं, रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून कुणीतरी चुकून फोन करतं. तिचंही चुकलं नव्हतं फारसं. मंदाताईंचे वडील बडनेरा स्टेशनावर हमाल होते, बालपण फलाटाच्या गलक्यात गेलेलं, त्यामुळे त्यांचा साधा आवाजसुद्धा पलीकडच्या फलाटाला ऐकू जाईल असा. त्यांच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि त्या पाटीखाली बसून त्या सगळ्या वाचनालयात सर्वांत मोठ्यानं बोलत. वाचकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. सवयच झाली होती सगळ्यांना.

बुटक्या, सुती साडी, चष्म्याला दोरी, आणि खांद्यावर कायम एक धुतलेलं जुनं फडकं. पुस्तक हातात आलं की आधी ते फडक्यानं पुसायचं आणि मग समोरच्याकडे चष्म्यावरून बघत विचारायचं, "शेवटी काय झालं?"

हा त्यांचा नेम होता. परत आलेलं पुस्तक शेवट ऐकल्याशिवाय त्या जमा करून घेत नसत. ड्युटीवरून आलेला गार्ड असो, शाळेतल्या बाई असोत, जुन्या वस्तीतून रूळ ओलांडून आलेली एखादी सून असो, काउंटरला टेकून प्रत्येकानं शेवट सांगायचा. कुणी रंगात येऊन सगळी गोष्ट सांगे, मागे रांग लागे, आणि रांगेतलं कुणीतरी म्हणे, "थांबा हो, मी नेनार हावो थे पुस्तक!" बुकिंग ऑफिसातले एक गृहस्थ नेहमी जाडजूड पुस्तकं नेत, चारचौघांना दिसतील अशी काखेत धरून. असंच एक पुस्तक परत आणलं. मंदाताईंनी विचारलं, शेवटी काय झालं. गृहस्थ म्हणाले, "शेवटी लगन होते, अजून काय." मंदाताईंनी पुस्तक फडक्यानं पुसलं, नाव वाचलं आणि म्हणाल्या, "भाऊ, हे पुस्तक विहीर कशी खंदावी याचं हाय. कोनाचं लगन लावलं तुमी?" ते गृहस्थ त्यानंतर बारीक पुस्तकं नेऊ लागले आणि वाचूही लागले, असं मंदाताईच कौतुकानं सांगत.

तर अशा बाईंनी ग्रुपचं नाव काढलं तेव्हा त्यांच्या समितीतले लोक बिचकले. अध्यक्ष म्हणून जे वयस्क गृहस्थ होते त्यांचं म्हणणं, आपली पुस्तकं अकोल्याकडे गेली की गेलीच. "पोरगी सासरी धाडल्यासारखं हाय हे," ते म्हणाले. मंदाताई म्हणाल्या, "अन् पोरगी दिवाळीले येत नायी काय? येते, अन् दोनाची चार होऊन येते." समिती हसली, पण सही करेना. तेव्हा मंदाताईंनी कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं. शाळेत असताना त्यांना गोष्टींचं एक पुस्तक मिळालं होतं, त्याची शेवटची पानं फाटलेली. राजाच्या मुलीला राक्षसाच्या घरातून कोणी आणलं, आणलं की नाहीच, काही कळायला मार्ग नाही. गुरुजींनी सांगितलं, याची दुसरी प्रत अकोल्याच्या एका वाचनालयात आहे. अकोल्याला जाणाऱ्या गाड्या रोज डोळ्यांसमोरून जात. बाप स्टेशनावर हमाल. पण एका पुस्तकासाठी हमालाच्या पोरीला अकोल्याला कोण नेणार, आणि नेलं तरी तिथं तिला पुस्तक कोण देणार? "मले अजून बी मालूम नायी थ्या पोरीचं काय झालं," त्या म्हणाल्या. "आता कोन्या पोरीले असं होऊ नाही." मग सह्या झाल्या. करारात मंदाताईंनी आपल्या हट्टानं एक ओळ घालून घेतली: कुणीही मागितलेलं पुस्तक कोणतंही वाचनालय अडवून ठेवणार नाही. पुढे ती ओळ आमच्या सगळ्यांच्याच करारात आली.

मी हे त्यांच्या समितीतल्या एका माणसाकडून ऐकलं आणि तेव्हा कुठे मला त्या 'शेवटी काय झालं'चा उलगडा झाला. तोवर मी त्यांना नुसतं विक्षिप्त समजत होतो.

त्यांची माझी पहिली गाठ अमरावतीला प्रशिक्षणात पडली. शिकवायला आलेले तरुण पुण्याचे होते. मंदाताई उठून म्हणाल्या, "सर, मी पानी पिऊन येतो." आमच्या वऱ्हाडात बायाही 'येतो, जातो' म्हणतात, पण ते बिचारे मागे वळून कोण पुरुष बोलला ते बघू लागले. बारकोड कुठे चिकटवायचा हे त्यांनी नीट दाखवलं: मागच्या पानावर, वर, डाव्या कोपऱ्यात, सगळ्यांनी एकाच जागी. मंदाताईंनी मान डोलावली आणि बडनेऱ्याला जाऊन आपल्याला हवं तेच केलं. कारण बऱ्याच पुस्तकांच्या मागे नेमका तिथेच लेखकाचा फोटो. "मानसाच्या तोंडावर चिकटवू काय? त्याच्या घरचं कोनी आलं वाचाले तं काय वाटन त्याले?" परिणाम असा की बडनेऱ्याचं पुस्तक आलं की आम्ही हातातलं यंत्र घेऊन ते उलटंपालटं करत बारकोड शोधत बसतो. कधी तो खाली असतो, कधी आतल्या बाजूला. मी वैतागून फोन केला तर म्हणाल्या, "पातूर, लेखकाचं तोंड तं दिसून राह्यलं ना? मंग झालं."

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या पातूरला काळे गुरुजी म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत. शुद्धलेखनावरून अजूनही दुकानांच्या पाट्या दुरुस्त करायला लावतात. त्यांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही किती टिकेल ते सांगता येत नाही. गुरुजी माझ्याकडे आले आणि एका पुस्तकाचं नाव घेतलं. समुद्रप्रवासाचं जुनं, जाड पुस्तक, बोटीवरच्या कुण्या डॉक्टरनं लिहिलेलं. आता ते छापत नाहीत. नोकरीला लागल्यावर दर शनिवारी ते वर्गात त्यातलं एकेक प्रकरण वाचून दाखवत. "डोळे आहेत तोवर एकदा वाचायचं आहे," म्हणाले. मी ऐटीत म्हणालो, गुरुजी, आता ग्रुप आहे, चिंता सोडा. यादीत शोधलं तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच प्रत. बडनेरा. समोर लिहिलेलं: उपलब्ध. मी मागणी टाकली.

पुस्तक आलं नाही. गुरुजी रोज काठी टेकत येत आणि मी रोज म्हणे, येईल, वाटेत असेल. शेवटी यादी उघडून पाहिलं. आमच्या यादीत पुस्तकापुढे चारच गोष्टी येऊ शकत: उपलब्ध, दिलेले, वाटेत, हरवलेले. या पुस्तकापुढे पाचवीच होती. 'वाचून राह्यले.' म्हणजे आमच्या वऱ्हाडीत, अजून वाचतायत. मी डोळे चोळले. मग आमच्याच एका पुस्तकावर जाऊन पाहिलं, तर तिथेही निवडायच्या यादीत हरवलेलेच्या खाली 'वाचून राह्यले' येऊन बसलेलं. एकट्या आमच्याच नाही, सगळ्या ग्रुपच्या प्रणालीत. तेवढ्यात मूर्तिजापूरचा फोन आला, "तुमच्याकडे पण दिसून राह्यलं का हो?"

झालं होतं असं की मुख्य कार्यालयातल्या कुणाच्या तरी नजरचुकीनं बडनेऱ्याला जो पासवर्ड गेला तो तिथल्या साहेबांचा होता, सगळ्या प्रणालीत बदल करता येईल असा. मंदाताईंना पडद्यावर एक बटण दिसलं. "तठी लिवलं होतं, 'नवीन जोडा'," त्या मला फोनवर सांगू लागल्या. "मीनं जोडलं."

"पण ताई, पुस्तक कुठे आहे?"

"लिवलं नायी काय? वाचून राह्यले. अजाबराव बुवा वाचून राह्यले."

मग मला अजाबराव बुवांची हकीकत कळली. रेल्वेत रुळांची देखभाल करणारे गँगमन होते. सारा जन्म रुळांवर गेला, शाळेत कधी गेले नाहीत. अक्षरं शिकले ती स्टेशनांच्या पाट्यांवरून. ब बडनेऱ्याचा, ट टाकळीचा, कु कुरुमचा, मू मूर्तिजापूरचा. बडनेरा ते अकोला एवढ्या टापूत जी अक्षरं आहेत ती त्यांना भराभर येत आणि जी नाहीत तिथे गाडी थांबे. निवृत्त झाल्यावर ते "जय भीम ताई" म्हणत वाचनालयात आले आणि म्हणाले, समुद्राचं पुस्तक द्या. मुंबईपर्यंत रूळ जातात, पण त्यांची हद्द अकोल्याला संपत होती. मंदाताईंनी हेच पुस्तक काढून दिलं. बुवा सदस्य होऊन पुस्तक घरी नेत नव्हते. "वस्तू जागच्या जागी पाह्यजे," हे त्यांचं रेल्वेचं वळण. खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं, बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचं, कडुनिंबाची वाळकी काडी पानात ठेवायची आणि पुस्तक ताईंच्या हातात देऊन घरी जायचं. त्यामुळे ते पुस्तक दिलेलं नव्हतं, आणि मंदाताईंच्या लेखी उपलब्धही नव्हतं.

"पातूर, बोट अजून समुद्रातच हाय रे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा हळू ऐकला. "बंदराले लागू दे. मंग धाडतो."

मी म्हणालो, "ताई, इकडे गुरुजींची नजर थांबायला तयार नाही."

 पलीकडे कुठल्या तरी गाडीचा भोंगा वाजला आणि त्यांनी फोन ठेवला.

मुख्य कार्यालयातल्या राऊत सरांनी लगेच सगळ्यांची ऑनलाइन बैठक घेतली. सर माणूस वाईट नाही, पण काटेकोर. ते म्हणाले, हा प्रकार ताबडतोब काढून टाकतो. कुणीतरी म्हणालं, सर, असू द्या, सोयीचं आहे, वाचनालयात बसून वाचणारे आमच्याकडेही आहेत. मग सर म्हणाले, ठेवायचंच तर शब्द तरी प्रमाण ठेवू, आणि त्यांनी 'वाचनाधीन' असा शब्द सुचवला. मोर्शी म्हणाल्या, कोर्टात केस चालू आहे असं वाटतं. हशा झाला.  शेवटी राऊत सर म्हणाले, "तायडे मॅडम, शब्द कोणताही असो. पातूरची मागणी आहे. करारात स्पष्ट ओळ आहे की मागितलेलं पुस्तक अडवायचं नाही. आणि ती ओळ तर तुमचीच."

मंदाताई म्हणाल्या, "हो, माहीच हाय," आणि पडद्यावरचा त्यांचा चौकोन काळा झाला.

पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. वाईट याचं वाटलं, त्या म्हणाल्या, की दोन्हीकडे मीच होते. पुस्तकाची वाट पाहत बसलेली पोरगी मीच आणि तिचं पुस्तक दाबून धरणारीही मीच. बुवांना सांगावं तर कोणत्या तोंडानं, न सांगावं तर ग्रुप कशाला केला? दोन दिवस त्यांनी काउंटरवर कुणाला शेवट विचारला नाही. वाचकांना वाटलं, ताईंना बरं नाही. मग त्या बुवांच्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि जे आहे ते सगळं सांगून टाकलं. बुवांनी ऐकून घेतलं. काडी पानात ठेवली आणि पुस्तक मिटलं.

"धाडून द्या," ते म्हणाले. "मास्तरचे डोये जाऊन राह्यले. माहे कुठी जाऊन राह्यले? मी थांबतो. सिग्नल नायी भेटला तं गाडी थांबतेच ना ताई."

मंदाताई मला म्हणाल्या, "पातूर, मी मांगच्या खोलीत जाऊन रडलो." हे त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, म्हणजे त्यांच्या अर्ध्या वाचनालयानं ऐकलं असेल.

पुस्तक आलं. बारकोड शोधायला मला नेहमीप्रमाणे वेळ लागला. ते घेऊन मी गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, वास घेतला, पहिलं पान डोळ्यांशी नेलं. मग भिंग आणलं. मग ओसरीतून उठून उन्हात जाऊन बसले. मी समोर बसून बघत होतो. जुनी बारीक छपाई, पिवळा कागद. थोड्या वेळानं त्यांनी भिंग मांडीवर ठेवलं. "अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसतात रे," म्हणाले. आम्हाला उशीर झाला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुस्तक मिटताना त्यांच्या बोटांना काडी लागली. "ही खूण कुणाची?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. कुरुमचा कु, मूर्तिजापूरचा मू. गुरुजी एकदम ताठ बसले. "मग 'क्ष' कसा वाचतो तो? समुद्राच्या पुस्तकात तर पानोपानी क्षितिज आहे!" मी म्हणालो, 'क्ष' कोणत्याच स्टेशनात नाही म्हणून तिथे त्यांची गाडी थांबते. गुरुजी हसले, मग गंभीर झाले. "आणि त्याचं पुस्तक मी घेऊन बसलोय. आजच परत पाठव. आणि त्याला म्हणावं, मला फोनवर वाचून दाखव. मोठ्यानं. माझे कान शाबूत आहेत."

अशी ती शाळा सुरू झाली. दुपारी बडनेऱ्याच्या वाचनालयात मंदाताईंचा फोन बुवांच्या टेबलावर, पुस्तकाला टेकवून उभा केलेला, आणि इकडे पातूरला गुरुजी आरामखुर्चीत, फोन पोटावर. गुरुजींसाठी बुवांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. बोट पुन्हा मुंबईहून सुटली. बुवा एकेक शब्द ओढत वाचत आणि गुरुजी मध्येच ओरडत, "वादड नाही, वादळ! पुन्हा म्हण!" बुवा पुन्हा म्हणत. क्षितिज आलं की दोघांचीही परीक्षा. एकदा बुवा म्हणाले, "गुरुजी, हे शितीज लय डाव येते ह्या पुस्तकात. थे हाय तरी काय?" गुरुजींनी समजावलं, "रुळावर उभं राहून दूर पाहिलं की दोन्ही रूळ एके ठिकाणी भेटल्यासारखे दिसतात ना, तिथे ते." बुवांना हे अजिबात पटलं नाही. "रूळ कसे भेटतीन गुरुजी? भेटले तं गाडी पडन ना! आमी जल्मभर थेच पाहाले होतो, भेटू नाही म्हनून!" गुरुजी म्हणाले, "बरं, पुढे वाच." 

हळूहळू बडनेऱ्याच्या वाचनालयात त्या वेळेला माणसं येऊन बसू लागली. 'शांतता राखा'च्या पाटीखाली एक म्हातारा मोठ्यानं वाचतोय, फोनमधून दुसरा त्याला रागावतोय आणि बाकी सगळे चिडीचूप. मंदाताईसुद्धा. मी एकदा त्यांना कामासाठी फोन केला तर उचलून फक्त "थांब, वादळ हाय," म्हणाल्या आणि ठेवून दिला. इतकी वर्षं त्यांनी पुस्तकांचे नुसते शेवट ऐकले होते. एखादं पुस्तक सुरुवातीपासून पानापानानं पुढे जाताना त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. शिक्का हातात तसाच राही आणि समोरचा वाचकही शिक्क्याची घाई करत नसे.

दरम्यान राऊत सरांनी 'वाचून राह्यले' काढून 'वाचनाधीन' केलं होतं. हे काळे गुरुजींच्या कानावर गेलं. त्यांनी माझ्या फोनवरून सरांना फोन लावला. मला वाटलं, प्रमाण शब्दाबद्दल अभिनंदन करतील. गुरुजी म्हणाले, "वाचन हे कुणाच्या अधीन नसतं. पहिला शब्द बरोबर होता. माणूस वाचतोय, अजून वाचतोय, त्याला उठवू नका, एवढं सगळं त्यात येतं. दुरुस्त करा." सर बहुधा शाळेत असल्यासारखे "हो गुरुजी" म्हणाले. तेव्हापासून ते तिथेच आहे. कामावर नवीन येणारा प्रत्येक जण मला विचारतो, सर, सगळे शब्द शुद्ध आणि हा एकच असा कसा? मी त्याला चहा पाजतो आणि मंदाताई सांगतो.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी वाचनालय भरलं होतं. बुवांनी पान उघडलं, घसा साफ केला, आणि मंदाताई उठल्या. खांद्यावरचं फडकं खुर्चीवर टाकून सरळ बाहेर चहाच्या टपरीवर गेल्या. बुवांचा आवाज खिडकीतून तिथवर येऊ लागला तशा आणखी पुढे, पार स्टेशनच्या रस्त्याला. सगळं आटोपल्यावर परत आल्या. बुवा पुस्तक घेऊन काउंटरशी उभे होते, बडनेऱ्याच्या नेमाप्रमाणे शेवट सांगायला तयार. "ताई, शेवटी काय झालं मंजे..."

मंदाताईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "नोका सांगू! कोनी सांगू नोका मले. हे मी सोता वाचनार हावो!"

बोलून त्यांनाच नवल वाटलं म्हणे. पण त्यांच्या वाचनाला मुहूर्त लागेना. गुरुजींनी पातूरभर त्या पुस्तकाची एवढी कीर्ती केली की आमच्याकडूनच मागण्यांवर मागण्या गेल्या. पाठोपाठ अकोला, मोर्शी. पुस्तक फिरत राहिलं. ग्रंथपाल म्हणून त्या आधी ठेवून घेऊ शकल्या असत्या. मी तसं सुचवलंही. त्या माझ्यावर उखडल्या, "अन् थे मागून राह्यले थे काय येडे हायेत?" मग त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी आपल्याच काउंटरवर, नवीन आलेल्या मुलीकडून स्वतःचं सदस्य कार्ड करून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कार्डच नव्हतं. त्या कार्डावर त्यांनी पहिली मागणी नोंदवली आणि बाकीच्यांसारख्या रांगेत लागल्या.

त्यांचा नंबर आला तेव्हा पुस्तक पातूरला होतं. मला बैठकीसाठी अमरावतीला जायचंच होतं. म्हटलं, टपालाला कशाला द्यायचं, हातोहात देऊ. यादीत त्यापुढे 'वाटेत' केलं, अकोल्याहून गाडीत बसलो आणि मंदाताईंना फोन करून कितवा डबा ते सांगितलं. कुरुम गेलं, टाकळी गेलं. मी बुवांची अक्षरं वाचत आलो.

बडनेऱ्याला गाडी शिरली तशा त्या दिसल्या. आवाज आधी आला. "पातूर! ए पातूर! अठी!" खांद्यावर फडकं होतंच. गाडी थोडाच वेळ थांबते. मी खिडकीतून पुस्तक दिलं, त्यांनी कागदात बांधलेले गरम गिलेवडे आत दिले. मी म्हणालो, "ताई, बऱ्या आहात ना?" त्यांनी ते ऐकलंच नाही.

"शेवट कोनी सांगतला तं नायी ना तुले?" त्यांनी विचारलं. "सांगतला असन तं तोंड बंद ठेवजो."

मी हसून मान हलवली. त्या मागच्या बाकावर जाऊन टेकल्या. पुस्तक फडक्यानं पुसलं, चष्मा नाकावर चढवला आणि पहिलं पान उघडलं. वर लाउडस्पीकरवर गाड्यांची नावं चालू होती, शेजारी कुणीतरी पेट्या ओढत होतं, चहावाला त्यांच्या अगदी कानाशी ओरडत गेला. आयुष्यभर ज्या फलाटाच्या वरताण बोलल्या त्या फलाटावर मंदाताई गप्प बसल्या होत्या, एका ओळीखाली बोट ठेवून. गाडी हलली. मी खिडकीतून हात केला, हाकही मारली. त्यांनी वर पाहिलं नाही. मला भरून आलं, आणि फार बरंही वाटलं.

फलाट मागे पडल्यावर मी मोबाईलवर यादी उघडली. पुस्तकापुढे अजून 'वाटेत' होतं. पुस्तक त्यांच्या कार्डावर गेलेलं, म्हणजे नियमानं 'दिलेले' करायला हवं होतं. मी यादीत 'हरवलेले'च्याही खाली, सगळ्यात शेवटी गेलो आणि तिथे बोट ठेवलं.